सैल झालेली दांडी

मलकापुरात मला गिटार कोणी म्हणत नाही. 'गिटर' म्हणतात, आणि आता मीही त्याच नावाला ओ देते. भरीव लाकडाचं अंग, त्यावर लाल रंग, सहा तारा आणि तारांच्या बुडाशी बाहेर आलेली एक वाकडी पोलादी दांडी. ही दांडी आटे फिरवून बसवतात. ती दाबली की सूर खाली लवतो, सोडली की परत जागेवर येतो. जाणकार तिला ट्रेमोलो म्हणतात, गजेंद्र हँडल म्हणायचा. त्या दांडीपायी आमच्या घरात जे झालं, ते मला सांगायचं आहे.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. माझ्यासारख्या कारखान्यातून ढिगानं निघतात. नागपूरच्या एका मुलानं मला हौसेनं आणलं, बोटं दुखायला लागल्यावर पलंगाखाली सरकवलं आणि विसरून गेला. मग एका दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या आईनं मला बाहेर काढलं, आणि ओळखीच्या ओळखीतून मी गजेंद्रकडे आले.

गजेंद्र चंद्रशेखरच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. चंद्रशेखर गायचा, कामं धरायचा, गाडी सांगायचा. लग्न, हळद, गणपती, कुणाच्या नातवाचा वाढदिवस. मलकापूर, नांदुरा, मोताळा, कधी पार मेहकरपर्यंत. गजेंद्रची जागा ठरलेली होती, डावीकडे, भोंग्यांच्या भिंतीला लागून. तिथून नवरानवरी चांगली दिसतात म्हणायचा. त्याच्या बाजूला कचरू. तो पॅड वाजवायचा, म्हणजे काठ्यांनी बडवायचा तो रबरी ढोल. दोघं शाळेपासूनचे दोस्त. गाणं कुठे वळवायचं, हे ते एकमेकांना भुवईनं सांगत.

कार्यक्रमावरून घरी आल्यावर गजेंद्रच्या कानात शिट्टी वाजायची. तो हसत सांगायचा की पाहुणे गेले तरी सनई चालूच आहे. काजल, त्याची बायको, तीही हसायची. पुढे टीव्हीचा आवाज वाढत गेला. दाराची घंटा वाजली तरी तो जागचा उठेना. शालूबाई, त्याची आई, म्हणायची की हा लहानपणापासून असाच धुंदीत असतो. घरात एखादी गोष्ट हळूहळू होत गेली, की ती झाली हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

त्याच सुमारास माझी दांडी सैल झाली. तिचे आटे झिजले होते. जिथे सोडावी तिथे थांबेना, खाली लोंबायची, आणि तारा छेडल्या की भोकात हलून टकटक करायची. माझ्या अंगावरचं सगळं भोंग्यातून बाहेर जातं, तशी ती टकटकही जायला लागली. जोरकस गाण्यात ती बुडून जायची. संथ गाणं आलं की उघडी पडायची.

चंद्रशेखरनं आधी समजुतीनं सांगितलं, कुठूनतरी खडखड येते, बघून घ्या. गजेंद्रनं वायर बदलली, माझा आवाज मोठा करणारी पेटी उघडून पुसली, तारा नव्या टाकल्या. दांडीकडे त्याचं लक्षच गेलं नाही. मी त्याच्या छातीशी होते आणि प्रत्येक सुराबरोबर खडखडत होते, आणि तो ती खडखड दुसरीकडे शोधत होता.

मेहकरकडच्या एका लग्नात नवरी मांडवात येत होती. चंद्रशेखरनं हळुवार गाणं धरलं आणि टकटक सुरू झाली. लोक वळून बघायला लागले. गाणं संपल्यावर चंद्रशेखर कचरूकडे नाही, गजेंद्रकडे बघत होता. गजेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "हा कचऱ्या हात आवरत नाही. त्याच्या पॅडातून येऊन राह्यला आवाज."

कचरूनं पॅड आवरलं, नवरीकडच्या कोणाच्या तरी गाडीत जागा मागितली आणि निघून गेला. त्यानंतर तो ऑर्केस्ट्रात आला नाही. स्टेशनकडे त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. गजेंद्र वळसा घालून दुसऱ्या रस्त्यानं जायला लागला.

काजल मोताळ्याकडची. तिच्या माहेरी संत्र्याची बाग, ठिबकच्या नळ्या, त्यामुळे कुठे काय गळतं, कुठे काय सैल आहे ते तिच्या कानाला आधी कळायचं. एका सकाळी गजेंद्र लहान पेटीवर मला वाजवत बसला होता आणि ती ओट्याशी कणीक मळत होती. ती तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली आणि तिनं दांडीवर दोन बोटं ठेवली. खडखड थांबली. बोटं उचलली, पुन्हा सुरू झाली.

"हे हलून राह्यलं," ती म्हणाली. "कचरूभाऊंचं पॅड नाही."

गजेंद्र तिच्या बोटांकडे बघत राहिला.

काजलनं हात धुतले आणि दांडी फिरवून काढली. शालूबाईनं सुचवलं की दोरा गुंडाळ. काजलनं शिवणाचा दोरा गुंडाळून बघितला, पण दांडी आत जाताना तो गोळा होऊन वर आला. मग तिनं माळ्यावरून नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी पातळ पट्टी काढली. भोकातला जुना मळ काडीनं साफ केला. आट्यांवर, ज्या दिशेला दांडी पिळायची त्याच दिशेनं, पट्टी ताणून गुंडाळली आणि नखानं आट्यांत दाबली. दांडी पिळताना आता हाताला अडत होती. तिनं ती वर ठेवली, वर राहिली. खाली ठेवली, खाली राहिली. तिनं माझ्या तारांवरून हात फिरवला. स्वच्छ आवाज आला.

"आता नाही ना येत?" तिनं विचारलं.

गजेंद्रनं दांडी स्वतः वरखाली करून बघितली. मग म्हणाला, "मले आधी बी नव्हता येत."

काजलच्या हातात पट्टीचं रीळ होतं. तिनं ते डब्यात ठेवलं, डब्याला झाकण लावलं आणि कणकेकडे परत गेली. त्या दिवशी पोळ्या नेहमीसारख्या झाल्या. सगळे जेवले.

बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे जायचं काजलनंच ठरवलं. मी सोबत नव्हते; परत आल्यावर तिनं शालूबाईला सांगितलं तेवढंच मला माहीत. गजेंद्रला एका काचेच्या खोलीत बसवलं होतं. कानांवर यंत्र, हातात बटन. आवाज आला की दाबायचं. बाहेर तिला ते आवाज ऐकू येत नव्हते, पण शेजारी डॉक्टरीणबाईचा हात यंत्रावर फिरताना दिसत होता आणि काचेपलीकडे गजेंद्रचा अंगठा. सुरुवातीला अंगठा हलला. मग बाईंचा हात फिरत राहिला आणि अंगठा तसाच बटनावर टेकलेला.

"मले वाटलं त्याले झोप लागली," काजल म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बारीक, उंच आवाज गेलेत आणि ते परत येणार नाहीत. भोंग्यांजवळ उभा राहत गेला तर उरलेलेही जातील. कानाला यंत्र बसवून घ्या, बोलणं तरी नीट कळेल. गजेंद्रनं सगळं ऐकून घेतलं, हो म्हणाला, आणि राजूर घाट उतरेपर्यंत बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला.

काजल वाट बघत होती, तो चिडेल, रडेल, भांडी आपटेल. तसं काही झालं नाही. तो उठायचा, आंघोळ करायचा, आपल्या भावाबरोबर घरच्या शेतात जाऊन यायचा. कुणी काही विचारलं तर 'हाव' म्हणायचा. यंत्र बसवायला बोलावलेला दिवस आला आणि गेला. तो नाही म्हणाला नाही, आणि गेलाही नाही. मी खुंटीवर होते. माझ्यावरून त्याची नजर कपाटावरून जावी तशी जायची. मला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. त्या दिवसांत घरात कोणालाच काही वाटत नव्हतं. शालूबाई एकदाच शेजारणीला म्हणाली, "रडला असता तं बरं झालं असतं व बाई."

गजेंद्र वाजवायला जाईना, म्हणून चंद्रशेखरनं त्याच्या जागी खामगावचा एक पोरगा शोधला होता. चंद्रशेखर घरी आला, चहा घेतला आणि अवघडत म्हणाला की हंगाम आहे, पोराकडे वाद्य नाही, ही गिटर थोडे दिवस द्या. गजेंद्र म्हणाला, घेऊन जा. घरातली जुनी छत्री कोणी मागावी आणि द्यावी, तसं.

चंद्रशेखरनं मला खुंटीवरून काढलंही. तेवढ्यात काजल दारात आली.

"गिटर नाही जाणार," ती म्हणाली.

चंद्रशेखरनं गजेंद्रकडे बघितलं. गजेंद्र कपातला चहा संपवत होता. चंद्रशेखरनं मला परत टांगलं.

कचरूला काजलनंच फोन केला होता. तो दुपारी दुकान बंद करून आला, गजेंद्रच्या अगदी समोर स्टूल ओढून बसला, ओठ दिसतील असा.

"काऊन नाही सांगतलं बे?"

"मलेच नव्हतं ठाऊक."

कचरूनं मान हलवली. मग आपल्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, "पॅड काऊन सोडलं म्हणून लोकं इचारत होते. हात दुखते म्हणून सांगतलं मी."

दोघं तसेच बसून राहिले आणि काजलनं ठेवलेल्या मुरमुऱ्यांची ताटली त्यांनी संपवली. जाताना कचरूनं पायरीवरून मागे वळून भुवई उडवली. गजेंद्रनं ती बघितली.

तो गेल्यावर गजेंद्रनं मला खाली काढलं. कितीतरी दिवसांनी. पेटी लावली नाही. भिंतीला टेकून बसला, माझ्या वरच्या कडेवर जबडा टेकवला आणि सगळ्यांत बारीक तार छेडली. मग दांडी दाबली. सूर लवला. सोडली, सूर परत आला. त्यानं पुन्हा तेच केलं, आणि पुन्हा. त्याच्या दाढांमधून माझा कंप त्याच्या डोक्यात जाताना मला कळत होता.

काजल न्हाणीतून धुतलेले कपडे घेऊन आली आणि थबकली. तो तिच्याकडे बघेपर्यंत थांबली. मग विचारलं, "येते का?"

"हातात येते," तो म्हणाला. "दातात येते. कानात नाही."

आज बाजाराला बसेस जास्त आहेत असं सांगावं, तशा आवाजात तो बोलला. काजलनं कपड्यांची बादली खाली ठेवली आणि ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. रडली तीच. आवाज न करता, पदर न लावता. गजेंद्र तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याचा हात माझ्या दांडीवर तसाच राहिला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "बुलढाण्याले जाऊ. ते यंत्र लावून घेऊ."

यंत्र लागलं. कानामागे भुईमुगाच्या शेंगेएवढं काहीतरी दिसतं. त्यानं माणसांचं बोलणं बरंचसं कळतं. गाणं मात्र पत्र्याचं वाटतं म्हणतो. ऑर्केस्ट्रा सुटला. खामगावचा पोरगा कुठूनतरी दुसरी गिटार घेऊन वाजवतो, बरा वाजवतो असं कचरू सांगतो. कचरू पुन्हा पॅडापाशी उभा राहतो, भोंग्यांपासून लांब. गजेंद्र शेतात जातो आणि संध्याकाळी यंत्र काढून ठेवून मला जबड्याशी धरतो. पूर्वीसारखा हसत नाही. पण बघतो, काजल काही सांगायला आली की थांबतो आणि बघतो.

मी अशी आहे. दांडी घट्ट आहे, रंगाचे टवके गेलेत, पेटीची वायर माळ्यावर आहे. लग्नाचे दिवस आले की घरासमोरून वरात जाते आणि मी खुंटीवर असले तरी माझ्या तारा आपोआप थरथरायला लागतात. इतका तो आवाज असतो. काजल खिडकी लावते.

मी वाद्य. आवाज कमी करा, असं मी म्हणणं शोभत नाही. मोठ्या आवाजासाठीच मला बनवलं. तरी तुमच्याकडे लग्न निघालं, मांडव पडला, तर भोंग्यांच्या भिंतीला लागून जो उभा असेल त्याला दोन पावलं अलीकडे बोलवा. तो हसेल, काही होत नाही म्हणेल. तरी त्याच्या दंडाला धरा आणि त्याला अलीकडे आणा.