तपासून खूण केली

बाईंनी लाकडी हातोडा बुंध्यावर मारला आणि विद्यार्थ्यांना कान लावायला सांगितलं. आवाज ठाम, भरीव आला. मग त्यांनी शेजारच्या झाडावर मारला. तिथे आवाज आत कुठेतरी घुमून उशिरा परतला.

“हे पोकळ. वरून हिरवंगार, पण गाभा कुजलाय. असं झाड कापताना मध्येच उभं फाटतं. म्हणून ठोकून पाहिल्याशिवाय कापायची खूण करायची नाही. एकाही झाडावर नाही.”

बारा जणांनी लिहून घेतलं. झाडं शंभर फुटांच्या वर गेलेली, याच मातीतली. इतकी सावकाश वाढणारी, की रोप लावणाऱ्याच्या नातवालाही लाकूड दिसू नये.

कापणी शिकवायला यंदा वनखात्याच्या कार्यालयाने जुने लाकूडतोडे असलेल्या दादांना बोलावलं होतं. बाईंनी त्यांचं नाव कधीच सुचवलं नसतं. दादांचा उजवा हात कोपरात वाकत नव्हता. डाव्या हातात खडू धरून ते खोडावर आखत होते: पडायच्या बाजूची खाच इथे, मागून करवत इथवर, मध्ये चार बोटं लाकूड राखायचं.

“झाड पाडायचं नसतं, निजवायचं असतं,” ते म्हणाले. पोरं हसली.

एका विद्यार्थिनीने हाताचं विचारलं. दादांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी एक झाड असंच फाटून अंगावर आलं. खूण होती त्यावर, पण आपणही ठोकून बघायला हवं होतं. घाई नडली. चौकशीतही तेच निघालं.

बाई हातोड्याचा दांडा रुमालाने पुसत राहिल्या. बावीस वर्षांपूर्वी त्या नोकरीत नव्या होत्या. चढ चढून पाय भरून आले होते, आणि शेवटची सात झाडं त्यांनी हातोडा पिशवीतून बाहेर न काढताच कापायच्या खुणेने रंगवली होती. चौकशीत लिहून दिलं, तपासून खूण केली. तेव्हापासून हा धडा त्या दरवर्षी शिकवत आल्या, आणि दरवर्षी तो थोडा लांबत गेला.

“दादा, ते झाड मी ठोकलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “खूण तशीच केली. चौकशीत खोटं लिहिलं.”

वह्यांवरची पेनं थांबली. दादांनी खडू खिशात ठेवला, पुन्हा काढला. ते बाईंकडे नाही, खोडावरच्या रेघेकडे बघत होते.

“माझ्या पोराला फार हौस होती या कामाची,” ते म्हणाले. “मी येऊ दिलं नाही. म्हटलं, घाई आपल्या रक्तातच आहे. गोदामात खोकी उचलतो आता.”

माफीचा शब्द बाईंच्या ओठांवर आला, पण तो फारच लहान वाटला.

“हे तुम्ही घरी येऊन सांगा,” दादा म्हणाले. “मी सांगितलं तर बायको म्हणेल, म्हातारपणी दुसऱ्यावर ढकलतोय.”

“येते. आज येऊ?”

“पोरगा पाचला येतो कामावरून,” दादा म्हणाले, आणि अर्धवट राहिलेली रेघ पुरी करायला वळले.