जोड्याच्या जिभेवरचा पत्ता

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. गल्लीबोळातला नव्हे, इंटरनेटवरचा. आधी दुकानाचं नाव, मग टिंब आणि शेवटी आपल्या देशाची दोन अक्षरं, असा माझा थाट. ती दोन अक्षरं त्या काळी वाटेल त्याला मिळत नसत. दुकान खरंच इथे आहे ना, हे आधी कागद दाखवून पटवावं लागे.

माझा धनी जोडे शिवणारा कारागीर. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचं पाऊल वाकडं, अशांचे जोडे तो मापावर बनवी. प्रत्येक जोड्याच्या जिभेवर तो तापलेल्या ठशानं मला उमटवी. लोक माझी शेवटची दोन अक्षरं बघून म्हणत, "आपल्याकडचाच माणूस आहे, फसवून जाईल कुठे?" एकदा एकाचा जोडा नदीत पडला. तो कोळ्याच्या जाळ्यात सापडला आणि पत्ता वाचून त्यानं दुकानात पोचवला. माशांनीही मला वाचलं असणार, पण त्यांना पाय कुठले!

मग धन्याचे जावई दुकानात लक्ष घालू लागले.

"मामा, ही शेपटी गावठी दिसते. हल्ली सगळे ही दुसरी दोन अक्षरं लावतात. एका बेटाची आहेत."

"त्या बेटावर जोडे घालतात का हो, जावईबापू?"

"बेटाशी आपल्याला काय करायचंय! दिसतं कसं झोकात, ते बघा."

"आणि जुना पत्ता?"

"वर्षाची मुदत संपली की पुन्हा पैसे भरू नका, जाऊ द्या. दोन-दोन पत्ते कशाला सांभाळायचे?"

धनी मान डोलावून पुन्हा टाके घालू लागला. माझे ठसे घेऊन गावोगाव किती पावलं चालताहेत, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मुदत संपली आणि मी बेवारस झालो. एव्हाना कागद बघायची पद्धतही बंद पडली होती. एका भामट्यानं मला उचललं, धन्याच्या जोड्यांचे जुने फोटो लावले आणि दुकान मांडलं.

डावा पाय आखूड असलेल्या एक शिक्षिका धन्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचे जोडे झिजले, तेव्हा त्यांनी जिभेवरचा पत्ता वाचून माझ्याकडून नवे मागवले. आले ते साधे, दोन्ही टाचा सारख्या. विश्वासानं पायात घातले आणि शाळेच्या जिन्यावरून त्या कोसळल्या.

कुबडी टेकत त्या दुकानात आल्या. "दादा, माझा पाय तुम्हाला पाठ होता ना?"

धन्यानं जोडा हातात घेऊन उलटापालटा केला. "बाई, हा माझ्या हातचा नाही."

"पत्ता तर तुमचाच होता!"

बाई जोडे तिथेच टाकून निघून गेल्या, त्या पुन्हा फिरकल्या नाहीत.

धन्यानं मला परत मागितलं. भामटा कशाला देतो!

मला खोटं बोलायला कुणी शिकवलं नाही, मित्रांनो. नुसतं सोडून दिलं, तेवढं पुरलं. तुम्ही नवे पत्ते खुशाल घ्या, बेटाचे घ्या, चंद्राचे घ्या. पण ज्या नावावर माणसं डोळे मिटून पाऊल टाकतात, ते उघड्यावर टाकू नका.

आज सकाळीच कुणीतरी आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या सुजलेल्या पावलाचं माप माझ्याकडे पाठवलंय. शेवटी लिहिलंय, 'तुमच्यावर भरवसा आहे.'