सकाळी सातचं नेतृत्व

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून एक फॉर्म पुढे सरकवला. पर्यावरण अभियांत्रिकीतल्या नेतृत्वाचा पुरस्कार.

"तुमची भाषा बरी आहे. लिहून काढा, मी सही करतो. आणि नुसते आकडे नकोत, जरा ओलावा असू द्या त्यात."

ती सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत होती आणि काळजी करणं हा तिचा जोडधंदा होता. दीड वर्षाची लेक दिवसभर पाळणाघरात. पाळणाघराच्या मागच्या दारापासून चार पावलांवर ओढा, आणि ओढ्यात सुटायचं ते याच केंद्राचं पाणी. लेकीला तर हाताला लागेल ते तोंडात घालायची खोड. टाकीतले जंतू घाण खायचे म्हणून पाणी स्वच्छ व्हायचं, आणि त्या जंतूंना हवा पुरवायला दोन ब्लोअर होते. त्यातला दुसरा दमेकऱ्यासारखा खोकत होता. तो बदलण्याचा तिचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली सहा महिने समाधी लावून बसला होता. आठवण केली की साहेब म्हणायचे, "चालतोय ना अजून? मग झालं तर."

टाक्यांकडे मात्र ते फिरकत नसत. तिकडे वास येतो म्हणे.

लेकीला मांडीवर घेऊन तिने पुरस्काराचे नियम वाचले. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं दोनदा वाचणारी बाई ती. नियम कसले सोडतेय. अकराव्या नियमापाशी ती थबकली. अंतिम फेरीतल्या उमेदवाराकडे परीक्षक महिनाभरात कधीही, न कळवता येणार आणि अर्जातलं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार.

तिने लेकीचा पापा घेतला आणि लिहिलं, 'साहेब रोज सकाळी सात वाजता स्वतः टाकीवर जातात, गाळाचा वास घेतात आणि गाळ कसा बसतो ते पाहतात. यात एका दिवसाचाही खंड नाही.'

साहेबांनी आपलं नाव नीट लिहिलंय ना एवढं पाहिलं आणि सही ठोकली.

पत्र आलं तेव्हा ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'आपण अंतिम फेरीत आहात. आपला सकाळी सातचा नेम आम्हाला फार भावला.'

"हे काय लिहून ठेवलंत?"

"ओलावा, सर."

"मी कधी गाळाचा वास घेतलाय?"

"अर्ज मागे घेता येतो, सर. नियम चौदा."

साहेबांनी पत्राची घडी करून खिशात घातली. सासरेबुवांना फोन करून झाला होता. बायकोने दिवाणखान्यातलं घड्याळ काढून तिथे पुरस्काराची जागा केली होती. आता माघार घ्यायची कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी सातला साहेब टाकीवर हजर, नाकाला रुमाल. शिकवायला बगळोबा होता. टाकीच्या काठावर एका पायावर उभा राहून दुसरा कठड्यावर टाकायची सवय, म्हणून या जुन्या ऑपरेटरचं हे नाव.

"साहेब, रुमालाला अत्तर लावलंय. मग वास अत्तराचाच येणार."

"घेतलाच पाहिजे का वास?"

"मी कुठं म्हणतोय? तुमच्या सहीच्या कागदावर आहे म्हणे."

काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरायचं, अर्धा तास हात लावायचा नाही, मग गाळ कुठवर बसला ते वाचायचं. साहेबांनी पाचव्या मिनिटालाच ते उचलून हलवलं.

"खोकल्याचं औषध नाही ते," बगळोबा म्हणाला. "करा आता पहिल्यापासून."

तिची पाळी सातचीच, त्यामुळे तिला सगळा तमाशा फुकटात दिसायचा. आठवड्याभराने रुमाल गेला. दुसऱ्या आठवड्यात साहेब तिच्याशी आकड्यावरून हुज्जत घालू लागले. "कालपेक्षा गाळ वर का? तुम्ही तिरकं वाचताय."

बाविसाव्या दिवशी टाकीवर नासक्या अंड्यांचा वास सुटला. नळकांड्यातलं पाणी गढूळच राहिलं.

"दुसरा ब्लोअर गेला, सर. जंतू गुदमरताहेत."

"मग आधी नाही का सांगायचं?"

बगळोबा आभाळाकडे पाहू लागला. ती म्हणाली, "आठ महिने सांगतेय. पेपरवेट उचलून बघा."

साहेब जिन्यावरून धावत गेले. अर्ज त्यांनी वाचला, चक्क वाचला, सही केली, फोन लावले आणि खिडकीतून ओरडले, "तोवर ओढ्यात थेंब जाता कामा नये. सगळं राखीव टाकीत वळवा." हे त्यांना तिने सांगावं लागलं नाही. तिने पहिल्यांदा श्वास सोडला.

नवा ब्लोअर यायच्या आदल्या दिवशी, बरोबर सातला, गमबूट घातलेल्या एक परीक्षक बाई आल्या. वास होताच. बाह्या वर सारलेले साहेब नळकांड्यासमोर उकिडवे बसले होते.

"रोज येता?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. आता आपली नोकरी गेली, असं तिने मनात धरलं.

"तेवीस दिवस झाले," साहेब म्हणाले. "त्याआधी कधीच नाही. आणि हा वास माझ्यामुळे आहे. ब्लोअरचा अर्ज आठ महिने माझ्याच टेबलावर होता."

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या.

ब्लोअर आला, बसला, पाणी निवळलं. तिने तीन दिवस लागोपाठ नमुने तपासून मगच ते ओढ्यात सोडू दिलं. पुरस्कार दुसऱ्याच कुणाला मिळाला. साहेबांनी आठवडाभर केबिनचं दार लावून घेतलं.

मग एका सकाळी, सातला, ते टाकीवर उभे.

"लवकर जाग आली," ते कुणी न विचारताच म्हणाले. मग नळकांडं भरून ठेवत त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरणार आहे. तुमच्या नावाने."

"माझ्या? काय लिहिणार, सर?"

"तुम्ही रोज पहाटे पाचला येता, असं."