सुईची क्लिप

बाळ म्हणजे काही बाळ नव्हे. सहासष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं लेथवर उभा राहून निवृत्त झालेला टर्नर. पण थोरल्या भावाने लहानपणी त्याला बाळ म्हटलं आणि मग दुसरं काही म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. वहिनी गेल्या तेव्हा तो एक बॅग घेऊन पंधरा दिवसांसाठी दादांकडे आला. मागच्या शेडमध्ये वडिलांची ब्रिटिश मोटारसायकल ताडपत्रीखाली पडलेली दिसली आणि त्याचे हात शिवशिवले. "एवढी चालू करून येतो," असं त्याने लेकीला फोनवर सांगितलं. त्या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली होती.

गाडीचं मोठं काही नडलं नाही. नडलं ते बारीकसारीक. तिच्या नटांचे आटे जगावेगळे. दिसायला तसाच म्हणून बाजारातला नट लावावा, तर तो दोन फेरे गुमान जातो आणि तिसऱ्या फेऱ्याला बोल्टचेही आटे खाऊन बसतो. त्यामुळे जुगाड करायचा नाही हा बाळचा नियम होता. गावातल्या लेथवर होईल ते स्वतः करायचं, बाकीचं दूरच्या एका म्हाताऱ्या स्पेअरपार्टवाल्याकडून टपालाने मागवायचं. आलेले भाग बरण्यांच्या झाकणांत राहायचे आणि झाकणं सांभाळायला स्टुलावर दादा. बाळने मागे न बघता हात पसरला की हवा तो भाग दादा त्याच्या तळव्यावर ठेवायचे.

वजनमापे निरीक्षक म्हणून उभी हयात गेलेल्या माणसाला याहून योग्य काम सापडलं नसतं. दुकानदाराच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा दादा नुसत्या बोटाने शोधत. शाळेत एकदा कुणाचं तरी खोडरबर बाळच्या दप्तरात आलं, तेव्हा याच दादांनी त्याला भर उन्हात दोन मैल परत चालवत नेलं होतं.

आणि तरी भाग हरवत होते.

पहिल्यांदा उंदरावर आळ आला. पिंजरा लावला, उंदीरही सापडला, पण त्यानंतर ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची स्प्रिंग गेली. मग बाळने स्पेअरपार्टवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. "पाकीट नीट चिकटवायला काय होतं हो तुम्हाला?" त्या बिचाऱ्याने दुसरी पाठवली. तीही गेली. आता आळ घ्यायला एकच जण उरला होता, तो स्वतः. कारण दरवेळी तेच व्हायचं. बाळ हात पसरायचा आणि दादा मायेने म्हणायचे, "ती तर मघाशी तूच घेतलीस की, बाळ." घेतल्याचं बाळला काही केल्या आठवायचं नाही. मग चौऱ्याहत्तर वर्षांचे दादा टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर रांगत शोधायचे. ते बघून बाळला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

असं अकरा वेळा झालं.

नवव्या वेळेनंतर, डोळे दाखवायला जातो सांगून, तो मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरने त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला लावले आणि म्हणाला, तसं काही दिसत नाही, पण लक्ष ठेवा. बाळने ऐकलं ते फक्त "लक्ष ठेवा". तेव्हापासून तो स्वतःवर पाळत ठेवून होता. गॅस बंद केला का, हे उठून तीनतीनदा बघायचा. शेवटी गेल्या आठवड्यात त्यानेच लेकीला सांगितलं, "ये आणि मला घेऊन जा." ती रविवारी येणार होती. दादांना तो एवढंच म्हणाला, "गाडी राहू दे आता अर्धीच."

पण शुक्रवारी टपालाने कार्बोरेटरच्या सुईची क्लिप आली. नखाएवढी, पातळ पत्र्याची. तेवढी एकच राहिली होती. निदान चालू झालेली बघून जावं, असं बाळला वाटलं आणि शनिवारी सकाळी दोघे पुन्हा शेडमध्ये बसले.

हेडलॅम्प अजून लावायचा होता, म्हणून तो पुढ्यात बाकावर उताणा ठेवला होता. त्याची कड बाळने चार दिवस घासून आरशासारखी केली होती. सुई पुसता पुसता त्याची नजर सहज त्या कडेवर गेली. तिच्यात मागचा दादांचा पांढरा शर्ट दिसत होता. दादांची दोन बोटं झाकणात उतरली, काहीतरी उचलून वरच्या खिशात गेली.

बाळला पहिल्यांदा वाटलं, झालं, आता नाही ते दिसायलाही लागलं. त्याने डोळे मिटले, उघडले. मग नेहमीसारखा मागे हात पसरला.

"क्लिप दे."

"क्लिप? ती तर मघाशी तूच घेतलीस की, बाळ."

तेच शब्द आणि तीच माया. मागे दादांनी टॉर्च लावला होता आणि कण्हत गुडघे टेकले होते.

"दादा," बाळ वळून म्हणाला, "खिसा उलटा कर."

"काय?"

"दुकानदारांना सांगायचास ना, पारडं उलटं करा? तसा खिसा उलटा कर."

दादांनी खिशात बोटं घातली आणि तळवा पुढे केला. त्यावर क्लिप होती.

"बाकीचे?"

दादा उठून आत गेले आणि वहिनींचा बटणांचा डबा घेऊन आले. त्यात कागदाच्या अकरा पुड्या होत्या. प्रत्येकीवर निरीक्षकाच्या घोटीव अक्षरात भागाचं नाव आणि तारीख, जप्तीच्या मालावर घालावी तशी. बाळ एकेक पुडी उघडत गेला. त्याला रागसुद्धा येईना. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि तेही असलं सरळ कुंपण.

"तू म्हणाला होतास, चालू करून जातो," दादा म्हणाले. "म्हटलं, न होवो चालू. तू पुन्हा मागवायचास, दोन महिने निघायचे. कुणाचं काय जातंय, असं वाटलं मला."

"माझं गेलं ना. मी मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आलोय, दादा. या वयात घड्याळाचं चित्र काढून दाखवलं त्याला."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणाला होतास."

"खोटं बोललो. मला वाटलं, माझं डोकं चाललं. उद्या तुला ओळखलं नाही तर तुझे हाल नकोत, म्हणून लेकीला मीच बोलावलं."

दादा मटकन खाली फरशीवर बसले. हातातला टॉर्च तसाच चालू होता. ज्याला थांबवायला हे सगळं केलं, त्याला आपणच घालवत होतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. बाळला ते बघवेना.

"क्लिप," त्याने हात पसरला.

या वेळी क्लिप आली. बाळने ती सुईच्या मधल्या खाचेत बसवली, पहिल्याच दाबात. मग तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ते जराही हलत नव्हते. इतके दिवस त्याने या हातांवर विनाकारण संशय घेतला होता, आणि आता त्याला रडू आलं.

तीन किका फुकट गेल्या. चौथीला गाडी धडधडली आणि पत्रे हलायला लागले. त्या आवाजात दादांचे ओठ हलले. बाळने गाडी बंद केली.

"काय म्हणालास?"

दादांनी टॉर्च बंद केला.

"जाऊ नकोस म्हणालो."

"हे तीन वर्षांपूर्वी म्हणायला काय झालं होतं?"

दादा पुड्यांतले भाग परत झाकणांत ठेवू लागले.

"आधी त्या स्पेअरपार्टवाल्याला फोन करून माफी मागायची, तूच," बाळ म्हणाला. "आणि मी महिनाभर तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

दादांनी मान खाली घालूनच होकार दिला.

"इथेच राहून," बाळ म्हणाला, आणि हेडलॅम्पचे स्क्रू घ्यायला त्याने मागे हात पसरला.