मॉरिसमधले खोबरेल

मेकॅनिक कुशाबाने गाडीखालच्या स्टिअरिंगच्या पाइपच्या टोकाचे रबर सोडवले आणि असा खवट भपकारा सुटला की सुमतीबाईंनी नाकाला पदर लावला. संकष्टीचा उपास होता आणि पहाटेच हा वास.

काळाचौकीच्या त्या गॅरेजच्या शेडमध्ये पहाटेची थंडी जमिनीतून वर येत होती. कुशाबानेच या वेळेला बोलावले होते. आठवड्यापूर्वी सुमतीबाईंना काकडआरतीला नेताना गिरगावच्या वळणावर स्टिअरिंग अडकले आणि मॉरिस फुटपाथवर चढली. लागले कुणालाच नाही. पण त्यांच्या यजमानांनी, कमलाकांतरावांनी, ड्रायव्हर रामदासच्या तोंडाशी नाक नेले आणि ठरवून टाकले की हा प्यालेला आहे. दारूबंदीचा जमाना. पोलिसांची भीती घालून तसे लिहून घेतले, सहीसुद्धा घेतली. त्या कागदाने रामदासचे लायसन जाणार होते, कदाचित तुरुंगही. गाडी कुशाबाकडे दोनदा आली, दोन्ही वेळा भर दुपारी, आणि स्टिअरिंग अगदी हलके फिरले. शेवटी तो म्हणाला, "एकदा गार असताना आणा, रॅक उघडून बघतो. रामदासलाही बोलवा."

"रॅकबिक काही नाही," कमलाकांतराव रुमालाने बूट झटकत म्हणाले. "माणूस टाकून आला होता."

काल संध्याकाळी समितीच्या सभेत याच माणसाने गिरणगावच्या कामगारांसाठी गहिवरून भाषण केले होते. सुमतीबाई पहिल्या रांगेत होत्या. तो गहिवर आठवून त्यांना शिसारी आली.

कुशाबाने पाइपमधून दातांची लांब पट्टी, तो रॅक, अर्धी बाहेर ओढली. स्टिअरिंग फिरवले की हीच डावी-उजवीकडे सरकते आणि चाके वळवते. दातांमध्ये पांढरा, चिकट गोळा बसला होता, त्यात लोखंडाचा काळा कीस आणि एक मेलेले झुरळ. त्याने तो बोटावर काढून पुढे धरला.

"बघा. मेणासारखं थिजलंय. ऊन चढलं की पातळ. म्हणून दुपारी गाडी शहाणी नि पहाटे आडमुठी. मधले दात पण खाल्लेत त्यानं. हे खोबरेल कुठल्या गाढवानं घातलंन?"

दाराशी उभ्या रामदासने पुढे होऊन खाली पडलेले रबर उचलले.

श्रावणात सुमतीबाईंनीच घालायला लावले होते. तेल बदलताना इतका उग्र दर्प आला की यात चरबी असणार, हे त्यांच्या मनाने घेतले. चरबीच्या गाडीतून देवाला जायचे? रामदास म्हणाला होता, "बाईसाहेब, हे चालत नाही यात." त्या म्हणाल्या होत्या, "खोबरेल शुद्ध असतं. आणि साहेबांना सांगू नकोस." त्याने सांगितले नव्हते. सही करतानाही नाही.

आणि त्या आठवडाभर आरती करत होत्या. त्या गोळ्यापेक्षा आपलीच किळस त्यांना जास्त आली.

"मी घालायला लावलं," त्या म्हणाल्या.

"तू?" कमलाकांतराव वळले. "मग यानं मला सांगायला नको?"

"मीच नको म्हटलं होतं."

कमलाकांतरावांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. "बरं. झालं ते झालं. उद्यापासून ये रे कामावर."

"येतो साहेब. तेवढा तो कागद द्या."

"घरी आहे. बघू पुढं."

"कोटाच्या आतल्या खिशात आहे," सुमतीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, पोथी वाचावी तसा. "काल सभेनंतर समितीच्या जयवंतरावांना दाखवून तिथंच ठेवलात."

कुशाबा उगाच पान्हे पुसू लागला. कमलाकांतरावांनी कागद काढला आणि दोन बोटांच्या चिमटीत पुढे धरला. रामदासने तो पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला, मग फाडला, परत फाडला.

"पट्टी नवी लागेल?" त्याने कुशाबाला विचारले.

"लागेल. तोवर राकेलनं धुऊन खरं तेल भरतो. पण सांभाळून चालव. स्टिअरिंग मध्यावर ढिलं राहील."

"चल," कमलाकांतराव बायकोला म्हणाले. "टॅक्सी बघू."

"तुम्ही व्हा पुढं."

"इथं काय काम आहे तुझं?"

"रामदासची माफी मागायची आहे," सुमतीबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही उभे असताना ती मागवत नाही."