बाबांच्या नावावरचं रक्त

मित्रांनो, मी रक्त तपासणाऱ्या लॅबमधली एक जुनी खुर्ची आहे. सुताराने माझा एक हात मुद्दाम रुंद ठेवला, रक्त देणाऱ्याला दंड निवांत टेकता यावा म्हणून. नवी होते तेव्हा सगळे म्हणायचे, काय ऐसपैस आहे. आता रेक्झिन फाटलंय आणि त्यावर जखमेची चिकटपट्टी लावलेली आहे.

इथे घेतलेल्या रक्तात काही खुणा असतात. गुठळ्या होण्याकडे त्याचा कल किती, आत कुठे सूज धुमसतेय का, हे पाहून डॉक्टर हृदयाला असलेल्या धोक्याचा अंदाज बांधतात.

एके सकाळी एक धिप्पाड ट्रकचालक आला. सोबत त्याची मुलगी, कडेवर बाळ.

"गेल्या महिन्यात बाबांचा रिपोर्ट छान आला म्हणून हृदयाच्या गोळ्या कमी झाल्या," ती लॅबवाल्या ताईंना म्हणाली. "आणि आता जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलंय."

ताईंनी सुई काढली. चालकाला दरदरून घाम फुटला. माझा हात त्याने असा आवळला की सांधा करकरला.

"मामा," ताईंनी विचारलं, "गेल्या महिन्यात तुमचं रक्त कुणी घेतलं? एवढे घाबरला असतात, तर अख्ख्या लॅबच्या लक्षात राहिला असतात."

त्याने मान खाली घातली.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

"तुझा काका आला होता. माझं नाव सांगून." त्याचा आवाज पार खोल गेला. "घाटातून ट्रक उतरवणारा माणूस मी. सुईला घाबरतो, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"म्हणजे काकाच्या रक्तावरून तुमच्या गोळ्या कमी झाल्या?"

"त्याचं रक्त पहिल्यापासून गुणी." तो हसायला गेला. कुणी हसलं नाही. मलाही मान खाली घालावीशी वाटली. काकाचा दंड माझ्याच हातावर टेकला होता.

"डॉक्टरांना नको कळवूस. लाज जाईल."

"जाऊ दे. तुम्ही राहा."

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मग बाळ एका हाताने सांभाळत दुसरा तळवा बाबांच्या डोळ्यांवर धरला. "बघू नका. झालं की सांगते."

त्या खुणा वाढलेल्या निघाल्या. गोळ्या पूर्ववत झाल्या.

पुढच्या तपासणीला तो एकटा आला. खोली माणसांनी भरलेली होती. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, मला सुईची भीती वाटते. मी दुसरीकडे तोंड करतो."

मित्रांनो, घरातलं मोठं माणूस घाबरलं तर त्याला हसू नका. सोबत या. माझ्याशेजारी उभं राहायला जागा आहे.