सतरा नंबरचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. सध्या रामनगरजवळच्या एका परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवा पडलेला असतो. हसू नका! माझ्या अंगावर काळ्या रंगाने सतरा हा आकडा लिहिलेला आहे. त्या आकड्याने माझ्या रुक्माचा घात केला. वाळवीच्या पोटात जाण्याआधी ते एकदा सांगून टाकतो.

माझा जन्म काळी नदीकाठच्या फणसगाळी गावचा. वासूच्या परसातला फणस वादळात पडला, तेव्हा उमाजी सुताराने त्याच्या फळ्या काढून मला घडवलं. वासूची नवी नवरी रुक्मा माप ओलांडून आत आली, तेव्हा तिने पहिला हात माझ्यावर टेकला. पुढे कैक वर्षं तिने मला सणासुदीला खोबरेल चोळलं, नव्या भाताच्या लोंब्या बांधल्या. मी थंडी-पावसात तिची लेकरं सांभाळली.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात एक गुरुजी धोतर खोचून नदी पार करून आले. खानेसुमारी होती, म्हणजे घराघरातल्या माणसांची मोजणी. त्यांनी माझ्यावर सतरा लिहिलं. रुक्मा फणकारली, "आमी काय शेरडं हाय व्हय, मोजायला?"

गुरुजी हसले. "बाई, यानं तुमच्या फणसगाळीचं नाव दिल्लीच्या वहीत जातंय."

रुक्माने पदर सावरून तो आकडा पुन्हा नीट पाहिला. तिने स्वतः जवळच्या जोयड्याच्या पलीकडचा बाजारसुद्धा पाहिला नव्हता, आणि तिचं गाव दिल्लीला निघालं होतं.

मग धरण आलं. लोकांनी ट्रकमध्ये भांडी भरली, देव भरले. वासूने कौलं तशीच सोडली, पण मला चौकटीतून काढून घेतलं. "लाकूड तिकडं मिळंल की," असं कोणी म्हणालं, तर रुक्मा उसळली, "आकडा मिळंल व्हय?"

फणसगाळी पाण्याखाली गेली. रामनगरजवळच्या नव्या वस्तीत मला मातीच्या भिंतीत बसवलं. तिथे लोक आम्हाला नुसते धरणवाले म्हणत. गाव कुठलं, हे कोणी विचारेना. तीन पावसाळ्यांत वासू गेला. जाताना काळीचं पाणी मागत होता. रुक्माने हातपंपाचं पाणी त्याच्या तोंडात घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलली.

तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. पुन्हा खानेसुमारी येईल, वहीवाला विचारील, बाई तुमी कुठल्या? मग ती सांगेल, फणसगाळीची. बुडालेलं गाव निदान कागदावर तरी राहील. मला तेल चोळताना ती आकड्याला धक्का लागू देत नसे. आणि मीही, खोटं कशाला बोलू, तो आकडा मिरवत होतो.

नव्वद साली गेरूचा डबा घेऊन एक माणूस खानेसुमारीआधी घरांना नंबर टाकत आला. रुक्मा लाकूडफाट्याला गेली होती. त्याने माझ्यावरचं सतरा पाहिलं, "हे झालंय की," असं स्वतःशीच म्हणाला आणि पुढे गेला. अरे बाबा, तो बुडालेल्या गावचा आकडा! पण दरवाजाला ओरडता कुठे येतं? संध्याकाळी रुक्माने गल्लीभर लाल आकडे पाहिले आणि शेजारच्या बायजाला ठसक्यात म्हणाली, "तुमचे आकडे आता आले. माझा आधीपास्नं हाय!"

पुढच्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर वहीवाले गुरुजी आले. रुक्मा चार दिवस कामाला गेली नाही. धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली. चौथ्या दिवशी गुरुजी बायजाच्या घरातून निघाले आणि आमच्यासमोरून सरळ पुढे चालले. रुक्मा धावली. "गुरुजी, आमचं ऱ्हायलं!"

त्यांनी लांबूनच माझ्यावर नजर टाकली आणि वही चाळली. वहीत सतरा नंबर होता, पण तो सडकेवरच्या चहावाल्याचा. "सतरा कालच झालं, आजी," ते म्हणाले आणि निघून गेले.

रुक्मा हसतच परतली. सरकार झालं म्हणतंय, म्हणजे झालं. एवढ्यात बायजा आली. "मला ह्याच्या आदीचं गाव इचारलं बघ. मी माझ्या म्हायेराचं नाव सांगितलं, लिवून घेतलं त्यांनी. तुला काय इचारलं?"

रुक्माचा चेहरा उतरला. "मला न्हाई इचारलं कुणी."

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींच्या शाळेपर्यंत चालत गेली. मोजणी संपली होती, वह्या पुढे गेल्या होत्या.

घरी आल्यावर तिने राख आणि काथ्या घेतला आणि दहा वर्षं जपलेला आकडा घासायला बसली. फणसाच्या लाकडात मुरलेला रंग सुटत नाही. बोटं सोलली, आकडा गेला नाही. शेवटी माझ्यावर कपाळ टेकून ती रडली. वासू गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. माझ्या फळ्या फाटल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं.

पुढच्या खानेसुमारीपर्यंत रुक्मा राहिली नाही. लेकाने पत्र्याचं दार बसवलं आणि मी खुराड्यावर आलो.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कोणी वही घेऊन घरोघर जाईल. दारावर आकडा असो वा नसो, कडी वाजवा. आत कोण आहे, कुठून आलंय, हे त्यांच्याच तोंडून ऐका. एखादी म्हातारी चार दिवस कामाला न जाता तुमची वाट बघत बसलेली असेल. माझ्या रुक्माला एकच नाव सांगायचं होतं. तिला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगतो. फणसगाळी. तेवढं लिहून घ्या.